नवा कॉम्प्युटर घेताय? जुना देऊन टाकण्याआधी हे वाचा

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. तेव्हापासून आमच्या काउंटरवर एकच वाक्य रोज ऐकू येतं: "तसा चालतोय हो, पण बदलून टाकू म्हणतो." बदला, जरूर बदला, फक्त घाई करू नका. घरगुती मशीनची नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळायची सोय आहे. तेवढ्यात सगळं निवांत हलवता येतं.

"जुन्यावरच अकरा टाकून द्या," असंही बरेच जण म्हणतात. इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) असेल तर जरूर टाकून देऊ, नवा घ्यायचा खर्च वाचेल. त्याहून जुन्या मशीनवर आडमार्गाने विंडोज ११ चढवणारे गावात आहेत. आम्ही ते करत नाही, कारण पुढचा मोठा अपडेट बसला नाही तर ग्राहक आमच्याच दारात येतो.

नवा सीपीयू जोडून सुरू करणं हे आता अर्ध्या दिवसाचं काम आहे. अडतं ते मेलपाशी. सांगलीतले हळदीचे अडते, मिरजेतले डॉक्टर, वकील, पतसंस्था, सोसायट्यांचे सचिव, अशा सगळ्यांकडे दहा-पंधरा वर्षांची मेल साठलेली असते आणि ती नक्की कुठे आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. त्यामुळे या पत्रकात जास्त जागा मेललाच दिली आहे.

तुमची मेल राहते कुठे?

क्रोममध्ये जीमेल उघडून मेल वाचत असाल तर हलवायचं काहीच नाही. मेल गूगलच्या सर्व्हरवर आहे. नव्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं की जशीच्या तशी दिसेल. याहू, रेडिफमेल किंवा आउटलुक डॉट कॉम ब्राउझरमध्ये बघणाऱ्यांचंही तेच. तुम्ही थेट "पासवर्ड आणि ओटीपी" या भागावर जा.

आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये मेल बघत असाल तर मात्र एक गोष्ट तपासावी लागते. आउटलुकमध्ये 'फाइल' मेनूत 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा. तुमच्या पत्त्यासमोर 'टाइप' या रकान्यात आयमॅप, एक्स्चेंज किंवा पॉप असं लिहिलेलं असतं.

आयमॅप किंवा एक्स्चेंज असेल तर मूळ मेल सर्व्हरवर असते आणि कॉम्प्युटरमध्ये तिची प्रत असते. नव्या मशीनवर तोच पत्ता जोडला की ती हळूहळू खाली उतरते. मोठा मेलबॉक्स असेल तर रात्रभर चालू ठेवा. 'आर्काइव्ह' नावाचा वेगळा फोल्डर डावीकडे दिसत असेल तर तो बहुधा तुमच्याच डिस्कवर आहे, तेवढा विसरू नका.

पॉप असेल तर जपून. पॉप म्हणजे पोस्टाच्या पेटीतली पत्रं घरी आणून कपाटात ठेवण्यासारखं आहे, पेटी मागे रिकामी होते. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी खूण कुणी आधी केलेली असेल तर आलेली मेल तिकडेही सापडेल. पण तुम्ही आउटलुकमधून पाठवलेली मेल, हाताने केलेले फोल्डर, 'पार्टी', 'जीएसटी', 'कोर्ट' असं लावून ठेवलेलं सगळं, हे बहुतेक वेळा त्या एका डिस्कशिवाय कुठेच नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, तेव्हा ज्यांची मेल सर्व्हरवर होती त्यांनी ती मोबाइलवर उघडली. पॉपवाल्यांची मेल सीपीयूबरोबर चिखलात गेली.

दुकानाच्या स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे @ च्या पुढे दुकानाचं नाव असलेला पत्ता असणाऱ्यांमध्ये पॉप आजही सर्रास आढळतं. पूर्वी होस्टिंगवर, म्हणजे मेल ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, जागा अगदी थोडी मिळायची, त्यामुळे बसवून देणाऱ्याने पॉपच लावलेलं असायचं. ते वर्षानुवर्षं तसंच चालत आलेलं आहे.

पीएसटी फाइल

आउटलुकमधली पॉपची सगळी मेल एकाच फाइलमध्ये असते. तिच्या नावाच्या शेवटी डॉट पीएसटी असतं. आउटलुक २०१० पासून ती 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरमध्ये बनते. त्याआधीच्या आवृत्त्यांत ती 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरमध्ये खोलवर असायची. म्हणूनच "मी डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स कॉपी करून घेतलंय" म्हणणाऱ्यांच्या पेनड्राइव्हमध्ये ती अनेकदा नसते. शोधत बसू नका. 'अकाउंट सेटिंग्ज'मध्येच 'डेटा फाइल्स' हा टॅब आहे, तिथे फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. दोन-तीन फाइल दिसल्या तर सगळ्या घ्या.

कॉपी करताना आउटलुक बंद हवं. नुसती खिडकी बंद करून भागत नाही, ते मागे चालू राहू शकतं. टास्क मॅनेजरमध्ये एकदा बघा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, रिकामा, आणि फाइल जेमतेम ६ जीबीची. तरी विंडोज म्हणतं, फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह खराब नाही. तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. पेनड्राइव्हवरचं आधी दुसरीकडे काढून घ्या, मग तो एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा, काम होतं.

याच्या उलट त्रास फार जुन्या फाइलींचा. आउटलुक २००२ किंवा त्याआधी बनलेली पीएसटी २ जीबीपर्यंतच वाढू शकते, त्यापुढे ती बिघडते. अशी फाइल अजून वापरात असेल तर तिच्यात भर घालू नका, आमच्याकडे घेऊन या. बिघडलेली फाइल दुरुस्त करायला आउटलुकसोबत 'स्कॅनपीएसटी' नावाचं साधन येतं. ते बरंच वाचवतं, पण नेहमी फाइलच्या प्रतीवर चालवा, मूळ फाइलवर नको.

नव्या कॉम्प्युटरवर पीएसटी आणली की लोक 'इम्पोर्ट' करायला जातात. आमचं मत: करू नका. 'ओपन अँड एक्स्पोर्ट'मध्ये 'ओपन आउटलुक डेटा फाइल' निवडा. जुनी मेल डावीकडे वेगळा गट म्हणून दिसते, जुने फोल्डर तसेच राहतात, आणि इम्पोर्ट अर्धवट थांबल्यावर होणारी सरमिसळ टळते.

त्यानंतर आम्ही सहसा पॉप बंद करून तोच पत्ता आयमॅपने जोडतो आणि जुने फोल्डर ओढून आयमॅपच्या खात्यात टाकतो. मग ते सर्व्हरवर चढतात, मोबाइलवरही दिसतात. आधी होस्टिंगवर किती जागा मिळाली आहे ते मात्र विचारा. ५ जीबीच्या मेलबॉक्समध्ये १२ जीबीची मेल कोंबली तर नवी मेल यायची थांबते, आणि पाठवणाऱ्याला परत जाते.

पॉपच चालू ठेवायचं असेल तर पहिल्या दिवशी दचकू नका. सर्व्हरवर जेवढी मेल शिल्लक असेल ती नवं मशीन सगळी पुन्हा ओढून घेतं आणि न वाचलेली म्हणून ठळक दाखवतं. त्याला जुन्या मशीनने काय उतरवलं होतं याचा पत्ता नसतो.

"दोन अक्षरं टाकली की नाव यायचं, आता येत नाही"

मेल हलवल्यानंतरची ही पहिली तक्रार. ती नावं तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये कधी नव्हतीच. आउटलुक आधी पाठवलेल्या पत्त्यांची स्वतःची यादी ठेवतं, आणि ती पीएसटीबरोबर आपोआप येईलच असं नाही. जुनं मशीन हाताशी असेल तर आम्ही ती वेगळी काढून घेतो. पाठवलेल्या मेलमधूनही पत्ते गोळा करता येतात, पण त्यात वेळ जातो.

विंडोज ११ बरोबर फुकट येणारं 'नवं आउटलुक' आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर येणारं जुनं 'क्लासिक' आउटलुक यांची चिन्हं जवळजवळ सारखी आहेत. पीएसटीच्या बाबतीत नवं अजून जुन्याची बरोबरी करत नाही. शिवाय जीमेलसारखं बाहेरचं खातं नव्यात जोडलं की त्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जाते. वकील आणि डॉक्टरांनी हे लक्षात घेऊन ठरवावं. ऑफिस घ्यायचं नसेल तर आम्ही थंडरबर्ड सुचवतो. ते फुकट आहे आणि रोजच्या कामाला पुरून उरतं.

थंडरबर्ड आधीपासून वापरणाऱ्यांचं काम सोपं. 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडलं की 'प्रोफाइल फोल्डर' दिसतो. थंडरबर्ड बंद करून तो आख्खा फोल्डर उचलायचा. मेल, पत्ते, साठवलेले पासवर्ड, सगळं त्यात असतं. तेवढ्यासाठीच तो पेनड्राइव्ह कुणाच्या हाती देऊ नका.

एक्सपीच्या काळातलं आउटलुक एक्स्प्रेस किंवा नंतरचं विंडोज लाइव्ह मेल अजून कुणाकडे असेल तर मशीन तसंच आणा. त्यांच्या फाइल वेगळ्या जातीच्या असतात, बदलून घ्याव्या लागतात. दिवस-दोन दिवस लागतील.

पासवर्ड आणि ओटीपी

जुन्या मशीनमध्ये मेलचा पासवर्ड काळ्या ठिपक्यांत बसलेला असतो, म्हणून तो लक्षात ठेवायची कधी गरज पडत नाही. नवं मशीन तो विचारतं. तेव्हा जुनं बंद करण्याआधी मोबाइलवरून एकदा लॉगिन करून बघा.

त्याहून महत्त्वाचं, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आजचा आहे का? नंबर बदललेला असतो, सिम बंद पडलेलं असतं, कधी तो नंबर पुण्याला गेलेल्या मुलाचा असतो. नव्या मशीनवर लॉगिन केलं की गूगल खात्री करून घेतं, आणि कोड जातो त्या नंबरवर. जुन्या मशीनवर तुम्ही आत असताना नंबर बदलणं सोपं असतं. बाहेर पडल्यावर दुकानदारही काही करू शकत नाही, आम्हीसुद्धा नाही.

जीमेल जुन्या आउटलुकमध्ये जोडताना नेहमीचा पासवर्ड चालला नाही तर पासवर्ड चुकला असं समजू नका. अशा प्रोग्रामसाठी खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' घ्यावा लागतो.

आमची माणसं पासवर्ड विचारत नाहीत. टाइप करायची वेळ आली की तुम्हीच करा, आम्ही तोंड फिरवतो. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" म्हणत कुणी फोनवर एनीडेस्क (दुरून तुमचं मशीन चालवायचा प्रोग्राम) टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

जुनी मराठी अक्षरं

पतसंस्था आणि सोसायट्यांसाठी हे खास. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामांच्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेली पत्रं, ठराव, मेलला जोडलेल्या वर्ड फाइल नव्या मशीनवर उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिड मजकूर दिसतो. फाइल बिघडलेली नाही, तो फाँट नव्या मशीनवर नाही इतकंच. जुन्या मशीनचा 'फाँट्स' फोल्डर आधीच कॉपी करून घ्या. श्रीलिपीचं डोंगल (मशीनला लावायची लायसन्सची किल्ली) असेल तर तेही जपून ठेवा. इथून पुढचं लेखन युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर तसंच दिसणाऱ्या अक्षरांत, करावं असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. जुन्या मजकुराचं रूपांतर करता येतं, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेच लागतात.

नवं मशीन सुरू करताना

विंडोज ११ होम सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. ते दुकानाच्या नावाने, दुकानाकडे राहणाऱ्या नंबरवर काढा. कामाला आलेल्या मुलाच्या नावाने काढू नका, कारण अशा खात्याने सुरू केलेल्या नव्या मशीनची डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते आणि ४८ आकडी रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. कधी मदरबोर्ड बदलला, की मशीन ती की मागतं. आम्ही ती छापून देतो. तो कागद बिलाच्या फाइलीत ठेवा.

वनड्राइव्हकडेही लक्ष हवं. ते 'डॉक्युमेंट्स' आपणहून वर चढवू लागतं आणि त्यात पीएसटी असली तर फुकटची ५ जीबी बघता बघता भरतात. आम्ही पीएसटी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो.

टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून सरेंडर करून मगच नव्यावर चालू करा. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनला त्याचा ड्रायव्हर लागतो. रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात मशीन बदलायला आणू नका ही हात जोडून विनंती.

जुन्या मशीनचं काय?

'जुना द्या, नवा घ्या' योजनेत मिळणारी रक्कम बघून लोक त्याच दिवशी जुना देऊन मोकळे होतात. आमचा सल्ला, निदान महिनाभर तो तसाच कोपऱ्यात ठेवा. एक महिन्यात पगार, हप्ते, जीएसटी, सगळं एकदा होऊन जातं आणि राहिलेलं काय ते कळतं. जुन्याच्या बदल्यातली रक्कम आम्ही बिलाच्या दिवशी लिहून देतो. मशीन महिन्याने आणून दिलंत तरी तीच धरतो. डिस्क मात्र आम्ही घेत नाही. ती काढून तुमच्या हातात देतो.

येताना जुना सीपीयू आणा, मॉनिटर नको. लॅपटॉप असेल तर चार्जरसकट आणा. खात्याला जोडलेला मोबाइल बरोबर हवा, आणि तो ज्याच्या खिशात असतो ती व्यक्तीही. मोठी मेल असेल तर सकाळी या, म्हणजे संध्याकाळपर्यंत कॉपी होते आणि तुमच्यासमोर चार जुन्या मेल उघडून दाखवता येतात. त्या चार कुठल्या ते तुम्ही निवडायचं. शक्यतो सगळ्यात जुनी, एक पाठवलेली आणि एक मोठी फाइल जोडलेली, अशा निवडा.