इंजिनाला जाळी का नसते?
विमानाच्या इंजिनाच्या तोंडाशी जाळी बसवली की पक्ष्यांचा धोका टळेल, कंपन्या केवळ खर्चापायी ती टाळतात, हा वर्षानुवर्षे फिरणारा समज चुकीचा आहे. उड्डाणाच्या वेगात मोठा पक्षी आदळला तर जाळीच तुटून तिचे धातूचे तुकडे आत जाऊ शकतात, आणि ते पक्ष्याहूनही घातक. शिवाय तिच्यावर बर्फ साचून हवेचा मार्गच कोंडू शकतो. म्हणूनच पक्षी आत गेला तरी विमानाला धोका पोहोचू नये, अशा कसोटीवर इंजिन पारखले जाते, आणि एक बंद पडले तरी दुसऱ्यावर विमान उतरवता येते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कॅनडा गूज पक्ष्यांच्या थव्यामुळे एअरबस ए-३२० ची दोन्ही इंजिने निकामी झाली, हे खरोखर दुर्मीळ. हडसन नदीत उतरवलेल्या त्या विमानातले सर्व १५५ जण वाचले.