आधी कुणाचा आवाज? नव्या पॉडकास्टच्या विषयाची पार्श्वभूमी

अंबाजोगाईत आम्ही चौघांनी पॉडकास्ट सुरू करायचं ठरवलं. माईक दोन दिवसांत आला, विषय ठरायला मात्र तीन महिने लागले. किल्लारीचा भूकंप, मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर, ऊसतोड, निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम, आपली बोली, प्रत्येकाची यादी वेगळी होती. शेवटी बहात्तरच्या दुष्काळावर एकमत झालं. तोच का, हे सांगायचं तर मराठवाड्यात ऐकण्याची जी जुनी रीत आहे तिथून सुरुवात करावी लागेल.

आमच्या गावाला लिखित शब्दाचा मोठा मान आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेनं शके १११० चा, म्हणजे इ.स. ११८८ चा मानतात. दासोपंतांनी तर कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला. पण गावोगावच्या माणसांपर्यंत जे पोचलं ते कानानं पोचलं. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका आमच्या आज्यांना पाठ होते, आणि त्यातल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पैठणच्या एकनाथांनी भारुडात वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या यांना बोलतं केलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नाथांना सांगायचा होता अध्यात्माचा विचार, पण त्यांनी बोलायला उभं केलं ते रस्त्यावरून जाणारं माणूस, त्याच्या बोलीसकट आणि त्याच्या धंद्यातल्या शब्दांसकट.

जात्यावरच्या ओवीचंही तसंच. पहाटेच्या अंधारात बाई जे बोलली ते कुणी टिपून घेतलं नाही. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या ज्यांच्या त्यांच्याजवळ राहिल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोयटवां यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या नसत्या, तर त्यातल्या कितीतरी आज कुठंच नसत्या. त्या कामातच १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. बाबासाहेबांवरच्या त्या ओव्या कागदावर वाचल्या तर चार ओळी वाटतात. ऐकल्या की कळतं, बाई कुठं थांबते आणि कोणत्या शब्दावर तिचा आवाज चढतो. विषय निवडताना आम्ही पहिली कसोटी इथून घेतली: छापल्यावर ज्यातलं काही हरवतं, तोच विषय ऐकवायचा.

मग रेडिओ. निजामाच्या राज्यात औरंगाबादला स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. १९४७ साली देशभरातल्या संस्थानांत मिळून अशी पाचच केंद्रं होती, त्यांतलं हे एक. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती जाहीर केली तीही हैदराबादच्या रेडिओवरून. म्हणजे मराठवाडा मोकळा झाल्याची बातमी एका आवाजानं आली. पण तो राज्यकर्त्याचा आवाज होता. ज्यांनी लढ्यासाठी संस्थानाच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांत दिवस काढले, ज्यांची घरं निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी जाळली, ते ऐकणारे होते. पुढं परभणीच्या आकाशवाणीनं शेतकऱ्याला, लोकगायकाला माईकसमोर बसवलं, हे ऋण मोठं आहे. तरीही रेडिओला घड्याळाची शिस्त पाळावी लागते आणि टप्प्यात येणाऱ्या सगळ्यांना चालेल असंच द्यावं लागतं. म्हातारी माणसं आठवता आठवता थांबतात. ते थांबणं अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात कसं बसणार?

पॉडकास्टनं ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. हा शब्द २००४ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या ‘गार्डियन’मध्ये बेन हॅमर्सली यांच्या लेखात आला. आयपॉडमधला ‘पॉड’ आणि ब्रॉडकास्टमधला ‘कास्ट’. पुढच्या वर्षी जूनमध्ये अ‍ॅपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. आपल्याकडे हे खरं रुजलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाल्यावर. विषयाच्या दृष्टीनं यातला मोठा बदल असा, की इथं श्रोता एका टप्प्यात असावा लागत नाही. आमचा श्रोता लातूर-नांदेडहून पुण्याला गेलेल्या पोरांत आहे, सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांत आहे. ‘काय करायलास?’ एवढं कानावर पडलं तरी त्याला घर आठवतं. म्हणून विषय सगळ्यांना चालेल असा पसरट ठेवायची गरज उरली नाही. उलट तो जितका आपला, तितका लांबच्या माणसाला जवळचा.

एवढं पटल्यावरही यादी लांबच होती. नामांतराचा विषय माझ्या मनात खोलवर आहे. २७ जुलै १९७८ चा ठराव ते १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, ही साडेपंधरा वर्षं ज्यांनी सोसली ते आज बोलू शकतात आणि त्यांनी बोलायलाच हवं. पण ते काम तयारीशिवाय हाती घेणं म्हणजे त्या माणसांवर अन्याय. ऊसतोडीवर पूर्ण मालिका होईल, फक्त उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) आणि कोयता (ऊस तोडणारी जोडी) या दोन शब्दांवरच चार भाग निघतील. पण माणसं दिवाळीनंतर गावात नसतात आणि फडावर जाऊन राहायची आमची ऐपत आज नाही. किल्लारीची ती पहाट, ३० सप्टेंबर १९९३, आमच्यातल्या दोघांनी स्वतः अनुभवलेली.

तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्यानं वहीत वयं मांडली. भूकंपाच्या वेळी विशीत असलेली माणसं आता पन्नाशीत आहेत. बहात्तरला विशीत असलेली सत्तरीच्या पुढं गेली. मुक्तिसंग्रामात जे दहा वर्षांचे होते त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली. त्या हिशेबानं मुक्तिसंग्राम पहिला यायला हवा होता. पण त्यावर लिहिलं गेलंय, नेत्यांच्या आठवणी ग्रंथांत आहेत, आणि आमच्या गावात आता सांगणारे दोघेच उरलेत. त्या दोघांचं बोलणं आम्ही मालिकेची वाट न बघता त्याच आठवड्यात टिपून ठेवलं. पण बहात्तरला खडी फोडणाऱ्या बाईच्या आठवणी कुणी छापल्या? ती अजून गल्लोगल्ली आहे आणि तिला कुणी विचारलेलंच नाही.

बहात्तरच्या आधीची दोन वर्षंही पाऊस धड झाला नव्हता. त्या साली पाऊस गेला आणि घरातलं धान्य संपलं. सरकारनं दुष्काळी कामं काढली: रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, खडी केंद्रं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात या कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. सुकडी नावाचं कोरडं खाणं मिळायचं, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. याच अनुभवातून रोजगार हमी पक्की झाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या योजनेचा १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ चा देशाचा कायदा त्याच वाटेनं पुढं गेला. म्हणजे देशभर मजुराला काम मागायचा हक्क मिळाला, त्याच्या मुळाशी आमच्या गल्लीतल्या बायकांनी डोक्यावर वाहिलेली माती आहे, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

दुसरं कारण आजचं आहे. जुनी माणसं सांगतात, तेव्हा दुष्काळ अन्नाचा होता, विहीर खोल केली की पाणी लागायचं. आता दुकानात धान्य आहे आणि पाणी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. या दोन दुष्काळांच्या मधल्या चव्वेचाळीस वर्षांत जमिनीखाली काय झालं, हे बोअरवेल खोदणाऱ्यालाही विचारायचं आहे आणि खडी फोडणारीलाही.

चाचणी म्हणून मी माझ्या आत्याला माईकसमोर बसवलं. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. मजुरी किती, काम किती दिवस, याची उत्तरं तिनं भराभर दिली. मिलोची भाकर कशी लागायची विचारलं तर बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लाल दिसायची, अन् निवली की वातड. माय आधी आम्हाला द्यायची. तिनं कवा खाल्ली ते म्या बघितलंच नाही रे.”

ते गप्प राहणं आम्ही कापलेलं नाही. पहिला भाग तिथूनच सुरू होतो.