बोकडाची भीती मटणात उतरते का?

आखाड लागला की एक फॉरवर्ड न चुकता येतो. यंदाही आला. मरताना प्राणी घाबरतो, त्या भीतीचं विष मांसात साठतं आणि खाणाऱ्याच्या रक्तात उतरतं, असा मजकूर आणि खाली हात जोडलेले. पाठवणारे नातलग स्वतः दर रविवारी मटणाच्या रांगेत माझ्या पुढे असतात, ते जाऊ द्या.

विषाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. घाबरल्यावर रक्तात उसळणारं मुख्य संप्रेरक म्हणजे ॲड्रेनलिन. ते पोटात गेलं तर आतड्यात आणि यकृतात त्याची मोडतोड होते, म्हणून तर डॉक्टर ते गोळीतून देत नाहीत, सुईने देतात. वाटीभर रश्शाने कुणाचं काळीज धडधडलंच, तर ते तिखटामुळे. पण फॉरवर्ड सपशेल खोटाही नाही. भीतीची खूण मटणात राहते. मात्र ती मांसात काही साठल्याची नसते, काहीतरी संपल्याची असते.

संपलेली असते साखर. स्नायू आपली शिदोरी ग्लायकोजेनच्या रूपात बाळगतात. हे ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजचे असंख्य मणी जोडून झालेलं फांद्याफांद्यांचं झाड. धडधाकट, पोटभर खाल्लेल्या जनावराच्या स्नायूत ते किलोमागे साधारण 10 ग्रॅम असतं. बोकड कापला की प्राणवायू थांबतो, पण स्नायूंच्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या पुढचे काही तास प्राणवायूविना ग्लायकोजेन जाळत राहतात. त्यातून लॅक्टिक आम्ल साठतं, असं आपण शाळेत शिकलो. (काटेकोर बोलायचं तर आम्लता वाढवणारे हायड्रोजन आयन मुख्यतः एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू, मोडताना सुटतात, लॅक्टेट त्यांच्या जोडीने वाढतं. पण आपलं काम जुन्या भाषेतही भागेल.) मांसाचा सामू, म्हणजे पीएच, 7 च्या आसपास असतो, तो दिवसभरात साडेपाचापर्यंत उतरतो. मांसाचा लाल रंग खुलतो, जिवाणूंची वाढ मंदावते, ते या आम्लामुळे.

आता हाच बोकड दोन दिवस मागे न्या, ट्रकमध्ये चढवताना. पाय घसरतो, कुणी शेपूट पिरगाळतं, ॲड्रेनलिन सुटतं. ते स्नायूपेशीच्या बाहेरच्या बीटा ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बसतं. आत सायक्लिक एएमपी तयार होतं, ते प्रोटीन कायनेज ए या विकराला (एन्झाइमला) जागं करतं, ते फॉस्फोरिलेज कायनेजला, ते फॉस्फोरिलेजला, आणि हे शेवटचं विकर ग्लायकोजेनच्या फांदीवरचे मणी पटापट तोडू लागतं. नावं डोक्यावरून गेली तरी चालेल, गंमत गुणाकारात आहे. एका पोलीसपाटलाने दहा जणांना उठवावं, त्या दहांनी शंभरांना, तसं संप्रेरकाच्या मूठभर रेणूंवर सगळा कोठार उघडतो. ही साखळी उलगडण्यात ज्यांचा पाया होता त्या कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला 1947 मध्ये नोबेल मिळालं. आणखी एक बारकावा: यकृताला आपली साखर रक्तात सोडता येते, स्नायूला येत नाही, कारण त्यासाठी लागणारं ग्लुकोज-6-फॉस्फटेज हे विकर त्याच्याकडे नसतं. स्नायूतली साखर स्नायूतच जळते.

मग ती भरून का निघत नाही? आपण दमलो तर भात खाऊन झोपतो, साठा बऱ्यापैकी परत येतो. रवंथ करणाऱ्यांची पंचाईत इथेच आहे. शेळी-मेंढी जे खाते ते आधी पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या तोंडी पडतं. पिष्ट आणि साखर ते फस्त करतात आणि मालकिणीला असेटिक, प्रोपियॉनिक, ब्युटिरिक अशी आम्लं देतात. आतड्यापर्यंत ग्लुकोज जवळजवळ पोचतच नाही. प्रोपियॉनिक आम्लापासून यकृत ते नव्याने घडवतं आणि त्यावर पहिला हक्क मेंदूसारख्या अवयवांचा. स्नायूंचा नंबर उशिरा. त्यात प्रवासात चारा बंद झाला की प्रोपियॉनिक आम्लही आटतं. म्हणजे खर्च काही मिनिटांत आणि भरपाईला काही दिवस.

साठा संपलेलं जनावर कापलं की आम्ल बनायला कच्चा मालच उरत नाही. सामू सहाच्या वर अडकतो. प्रथिनं पाणी घट्ट धरून ठेवतात, प्रकाश कमी विखुरतो, मांस काळपट, ताठर आणि वरून कोरडं दिसतं. जिवाणूंनाही खायला साखर मिळत नाही, ते थेट अमिनो आम्लांवर तुटून पडतात आणि वास लवकर सुटतो. आपल्याकडे कापल्यावर काही तासांत मटण शिजतं, म्हणून जिभेला हे फारसं कळत नाही. शीतगृहात ठेवणाऱ्याला आणि निर्यातदाराला कळतं.

मग जनावर घाबरतं कशाला? इथे आपला अंदाज चुकू शकतो. दुसरी मेंढी कापली जाताना पाहून मेंढ्यांना किती ताण येतो, हे तपासणारा एक अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या मोजमापांत ताणाची ठोस खूण सापडली नाही. माझाही आधी विश्वास बसला नव्हता. उलट, मेंढी एकटी पडली की तिची नाडी वाढते, रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आणि ॲड्रेनलिन वाढतं. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत कीथ केन्ड्रिक आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलं की मेंढ्या 50 मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षं लक्षात ठेवतात. 2004 मध्ये त्याच गटाने एकट्या कोंडलेल्या मेंढीला ओळखीच्या जातीच्या मेंढीच्या चेहऱ्याचा फोटो दाखवला आणि हे आकडे खाली आले. नुसत्या फोटोने! शिवाय डोळ्यातल्या आडव्या बाहुलीमुळे मेंढीला जवळजवळ चौफेर दिसतं. जमिनीवरची सावली, चकाकणारं पाणी, गटाराची जाळी यापाशी ती अडते, मागून काठी बसते, आणि साखरेचा आणखी एक हप्ता जातो.

आपला कायदा काही बाबतीत बरा आहे. 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार एका जनावरासमोर दुसरं कापता येत नाही, गाभण किंवा तीन महिन्यांहून लहान पिलू असलेली मादी कापता येत नाही, पशुवैद्यकाच्या तपासणीआधी 24 तास विश्रांती द्यावी लागते आणि एका पशुवैद्यकाने तासाला 12 पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. बकरी ईदच्या आधी मुंबईच्या देवनार कत्तलखान्यात लाखाहून जास्त बोकड उतरतात, राजस्थान-मध्य प्रदेशापासूनचे. त्यांच्यासाठी 24 तास पाणी आणि सावली मोलाची आहे, पण वरचं गणित पाहता साखर भरायला ती पुरत नाही. आणि अनोळखी बोकड एका कुंपणात सोडले की टकरा सुरू होतात, विश्रांती राहते कागदावर.

आता सुरीबद्दल, कारण हलाल की झटका हा सगळा वाद तिच्याभोवतीच फिरतो. शेळी-मेंढीच्या मेंदूला रक्त जवळजवळ पूर्णपणे गळ्यातल्या दोन कॅरॉटिड रोहिण्यांतून जातं. मेंदूच्या तळाशी त्यांची बारीक जाळी होते. गुरांमध्ये त्या जाळीला मणक्यांतून आलेल्या रोहिण्याही रक्त देतात, आणि गळा चिरला तरी त्या शाबूत राहतात. म्हणून गुरांना शुद्ध हरपायला कधी कधी मिनिटाहून जास्त लागतं, तर मेंढीची शुद्ध बहुधा 2 ते 20 सेकंदांत जाते. अट एकच, दोन्ही रोहिण्या एका घावात कापल्या गेल्या पाहिजेत. सुरी बोथट असेल, एकच रोहिणी कापली गेली, तर हा वेळ बराच लांबतो. न्यूझीलंडमध्ये मेंढीच्या डोक्यातून आधी सुमारे एक अँपिअर वीज काही क्षण सोडतात. फेफऱ्यासारखा झटका येऊन शुद्ध जाते, पण हृदय चालू राहतं, म्हणजे सुरी फिरताना मेंढी जिवंतच असते, म्हणून तिथे हलालसाठीही ही पद्धत चालते. आपल्याकडे प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याचं 28 वं कलम धर्माने सांगितलेल्या पद्धतीला सूट देतं. शिवाय दुकानामागच्या पत्र्याच्या शेडपर्यंत कुठलाच नियम सहसा पोचत नाही.

हे सगळं वाचून एका रविवारी आमच्या पेठेतल्या खाटीककाकांना विचारलं, बोकड एकटा राहिला तर काय करतो? ते सुरीला धार लावत होते.

"सर, एकटा राहिला की रात्रभर ओरडतो. चाऱ्याला तोंड लावत नाही. सकाळी मटण काळं निघतं."

"मग?"

"मग काय, शेवटचे दोन एकाच दिवशी कापतो."