पायलटचं प्रशिक्षण खान्देशात: फी भरण्याआधी काय काय करावं

धुळ्यात गोंदूरला बॉम्बे फ्लाइंग क्लब, शिरपूरला अकादमी, जळगाव विमानतळावर प्रशिक्षण संस्था. कमर्शियल पायलट व्हायला आता खान्देश सोडावा लागत नाही. खर्च मात्र ४० लाखांच्या वर जातो, अनेकदा पन्नाशीही ओलांडतो. म्हणून पालकांना कळकळीची विनंती: मेडिकल झाल्याशिवाय संस्थेला एक रुपयाही देऊ नका.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. हे विषय नसतील तर मुक्त विद्यालयातून देता येतात. लायसन्ससाठी वय १८ पूर्ण लागतं, स्टुडंट पायलटसाठी १६ पुरतं. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीची केंद्रीय नियामक संस्था. तिच्या ई-जीसीए पोर्टलवर खातं उघडून आधी क्लास २ (प्राथमिक) आणि लगेच क्लास १ (कमर्शियल लायसन्ससाठीची) मेडिकल करून घ्या. चष्म्याने सहसा अडत नाही, पण रंग ओळखण्यातला दोष अडवू शकतो. तो फी भरल्यावर कळला तर घर हादरतं.

डीजीसीएच्या लेखी परीक्षेसाठी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो. त्याला दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो, सही आणि मंडळाकडून गुणपत्रिकेची पडताळणी लागते. आपलं मंडळ नाशिक विभागाचं, तेव्हा हे काम सुट्टीतच उरका. आधार आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. पेपर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि टेक्निकल; पास व्हायला ७० टक्के. विमानातून रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची आरटीआर परीक्षा वेगळी.

आता खरा खर्च. लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. विमानाचं भाडं तासावर असतं, आणि तास धावपट्टीवरून उचलल्यापासून नव्हे, विमान जागेवरून हललं तिथपासून मोजतात. दरात इंधन, इन्स्ट्रक्टर, लँडिंगचं शुल्क धरलंय का, इंधन महागलं तर फरक कोण देणार, दोन इंजिनांच्या विमानाचे तास पॅकेजमध्ये आहेत का, हे लेखी घ्या. डीजीसीए-मान्य अभ्यासक्रमावर जीएसटी लागत नाही, हे सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत स्पष्ट झालंय. पावतीवर दिसला तर विचारा. संस्थेकडे किती विमानं प्रत्यक्ष उडतात तेही बघा. पावसाळ्यात उड्डाणं रखडतात, आणि लायसन्सच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत १५ तास झालेले लागतात. रेंगाळलं की जास्तीचे तास, जास्तीचे पैसे. सगळी फी एकदम भरू नका, तासांच्या टप्प्याने भरा. नोकरीसाठी पुढे टाइप रेटिंगचे, म्हणजे एअरलाइनच्या ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचे, आणखी बरेच लाख लागतात, ते आत्ताच हिशेबात धरा.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते. केळीची बागायत कितीही चांगली असली तरी शेतजमिनीला सरफेसी कायदा (थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण जप्त करू देणारा) लागू नाही, म्हणून बँका घर, एनए प्लॉट किंवा मुदतठेव बघतात. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलांनी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत पायलट प्रशिक्षण दिलेलं आहे. त्यासाठी जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा.