सॉकाय सॅमन (फ्रेझर नदी)

सॉकाय (ऑन्कोरिंकस नेर्का) हा उत्तर पॅसिफिकमधील सॅमन मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि विणीसाठी वासाच्या मागावर जन्माच्या ओढ्यात परततो. अमेरिकेच्या किनाऱ्याला कोलंबिया नदीपासून अलास्कापर्यंत आणि आशियात कामचाटकाकडे त्याचा वावर आहे. मुंबईत ‘इंडियन सॅमन’ म्हणून खपणारा रावस या कुळातला नव्हे.

कॅनडातील फ्रेझरच्या खोऱ्यात, ॲडम्स नदीवर ऑक्टोबरमध्ये वीण होते. मादी कुशीवर होऊन शेपटीच्या फटकाऱ्यांनी खडीत खळगा करते. तिने अंडी सोडताच नर ती फळवतो. मग ती जरा वर सरकून पुढचा खळगा उकरते आणि त्यातून उडालेली खडी आधीच्या अंड्यांवर पडते. एका मादीची अंडी साधारण 2,000 ते 4,500 असतात. संख्या टिकायला त्यांतली दोन परतली तरी पुरे, पण तेही सोपे नाही. खडीच्या फटी गाळाने बुजल्या की अंडी गुदमरतात. पाणी उतरले तर गोठतात. दाटीत उशिरा आलेल्या माद्या आधीचीच अंडी उकरतात. विणीनंतर नर-मादी थोड्याच दिवसांत मरतात. अटलांटिक सॅमनचे तसे नाही. त्यांतले काही जगतात आणि पुन्हा वितात.

पिले पोटाखालची बलकाची पिशवी संपेपर्यंत खडीतच राहतात. पुढे साधारण वर्षभर शुस्वॉप सरोवरात प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) खातात, रुपेरी होतात आणि समुद्राकडे निघतात. बहुतेक चौथ्या वर्षी परततात. त्यामुळे ॲडम्सवर दर चार वर्षांनी झुंबड उडते: 2010, 2014, 2018, 2022.

परतीच्या सुमारे 500 किमी वाटेत मासा खात नाही, साठलेल्या चरबीवर चालतो. अंग लाल होते, कारण मांसातला रंग कातडीत उतरतो. म्हणून मासेमार त्याला समुद्रात ताजा असतानाच पकडतात. शिदोरी मोजकी असल्याने वाटेतला खोळंबा जिवावर बेततो. पाणी 18 अंश सेल्सिअसच्या वर गेले की पोहणे जड जाते, रोग बळावतात. 1914 मध्ये रेल्वेच्या कामामुळे फ्रेझरवरील हेल्स गेटच्या अरुंद घळीत दरड कोसळली आणि प्रवाह इतका वेगवान झाला की मासे खालीच अडकले. माशांना वर जाता यावे म्हणून मत्स्यमार्ग 1945-46 मध्ये बांधले गेले. 2018 च्या अखेरीस फ्रेझरवर आणखी वर, बिग बारला पुन्हा दरड पडली. ठिकाण दुर्गम असल्याने ती लक्षात आली जून 2019 मध्ये, आणि अडकलेले काही मासे हेलिकॉप्टरने वर न्यावे लागले. ॲडम्सचे मासे त्याच्या बरेच खाली थॉम्पसन नदीत वळतात, म्हणून वाचले. फटका बसला तो फ्रेझरच्या वरच्या खोऱ्यातील स्टुअर्ट नदीच्या थव्याला.