उंदीर बेटावर, उपासमार समुद्रात

पक्षी डोक्यावर शिटला की पैसा मिळतो, असं छातीठोकपणे सांगणारे लोक लहानपणापासून पाहतोय. मला आजवर फक्त शर्ट धुवायला मिळालाय. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांभोवतीच्या प्रवाळांना मात्र त्या शिटेतून खरोखरच मिळकत होते, आणि ती मोजताही येते.

चागोस मालदीवच्या दक्षिणेला, साधारण ५०० किलोमीटरवर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर काळे उंदीर इथल्या काही बेटांवर उतरले, काहींवर पोचलेच नाहीत. ज्या पक्ष्यांच्या कैक पिढ्यांनी सस्तन शिकारी पाहिलाच नव्हता, त्यांची अंडी-पिल्लं उंदरांनी फस्त केली. सागरी परिसंस्थांचे अभ्यासक निक ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी उंदरांची सहा आणि बिनउंदरांची सहा बेटं ताडून पाहिली. २०१८ साली आकडे आले : बिनउंदरांच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी ७६० पट!

हे पक्षी चरायला दूर भर समुद्रात जातात आणि शिटतात घरी. पण प्रवाळापाशी सापडलेला नायट्रोजन त्यांचाच, हे ओळखायचं कसं? इथली युक्ती मला फार आवडते. नायट्रोजनच्या अणूत प्रोटॉन ७. न्यूट्रॉन बहुतेकांत ७, मोजक्यांत ८. हा जड भाऊ हवेत हजारात चारसुद्धा नसतो. प्राण्याचं शरीर टाकाऊ नायट्रोजन बाहेर काढताना हलक्याला आधी वाट देतं, जड मागे उरतो. प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) छोट्या माशाने खाल्लं, त्याला मोठ्याने, त्याला पक्ष्याने, की दर पायरीला जड-हलक्याचं गुणोत्तर हजारी तीन-चारने चढतं. पुढे शिटेतून अमोनिया उडतो, त्यातही हलका पुढे पळतो. म्हणजे बेटाच्या मातीत जडच जास्त साठतो. पावसाने, लाटांनी तो समुद्रात उतरतो. बिनउंदरांच्या बेटांवर ही जड खूण मातीत, पानांत, मग स्पंजांत, शेवाळात आणि शेवाळ खाणाऱ्या माशांच्या स्नायूंतही जास्त भरली.

तिथल्या प्रवाळांवर माशांचं एकूण वजन जवळजवळ ५० टक्के जास्त निघालं. पोपटमाशांसारख्यांची शेवाळ खरवडण्याची मेहनत तिपटीहून अधिक.

शेतातून वाहून आलेल्या खताने प्रवाळ आजारी पडतात, मग हे खत कसं चालतं? शिटेत नायट्रोजनच्या जोडीला फॉस्फरसही असतो. दोहोंचं प्रमाण जुळलं की प्रवाळांना ते मानवतं. पण ‘उंदीर मारा, प्रवाळ वाचवा’ छाप मथळ्यांवर भाळू नका. २०१५-१६मध्ये पाणी तापलं तेव्हा उंदीर नसलेल्या बेटांजवळचे प्रवाळही मेले. गुलाबी चुनखडी शेवाळ, ज्यावर प्रवाळांची पिल्लं बसतात, ते मात्र तिथे त्यानंतर जास्त वाढलं. शिवाय उंदीर हटवले तरी नारळाच्या जुन्या बागा उरतातच. यातल्या बऱ्याच पक्ष्यांना घरटी करायला तिथली मूळची झाडं हवीत.

यातला एक मासा माझा लाडका. डॅमसेलफिश. हा चक्क शेतकरी : शेवाळाचा तुकडा राखतो, कुणी तोंड घातलं की अंगावर धावून जातो. २०२३ साली दिसलं, की उंदरांच्या बेटांजवळ याला शेत मोठं लागतं, कारण शेवाळ निकस; आणि तो भांडतोही कमी. अशा निकस शेतासाठी कोण कशाला जीव काढील?