गादीला पाठ टेकली की डोळे टक्क

‘तुम्हीच हाताची सवय लावलीत, आता भोगा.’ तान्ह्या बाळाच्या आईबापांना हे वाक्य एकदा तरी ऐकून घ्यावंच लागतं. सांगणारी माणसं प्रेमाचीच असतात. आत्या, शेजारच्या काकू, मालिशवाल्या मावशी. बाळ मांडीवर गाढ झोपतं, गादीवर ठेवलं की टक्क जागं होतं आणि भोकाड पसरतं, म्हणजे ते लाडावलंय, असा हा सिद्धान्त. सहा आठवड्यांचा जीव आईबापांना बोटावर नाचवण्याचे डाव रचतो, असं मानायला माझी तरी तयारी नाही.

हे लिहायला निमित्त झालं भाचीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं. बाळंतपणाआधीच्या वर्गात ओळख झालेली काही जोडपी त्यात आहेत, सगळ्यांची बाळं थोड्या दिवसांच्या अंतरानं झालेली. ग्रुपचं नाव ‘रात्रपाळी’. तिनं मला काही मेसेज दाखवले. पहाटे पावणेतीनला एकीनं लिहिलंय, ‘ठेवला. उठला.’ दुसरीचं उत्तर मिनिटाभरात, ‘आधी कुल्ले टेकव, मग डोकं.’ एक बाबा लिहितो, ‘मी रांगत खोलीबाहेर आलो, दाराची कडी वाजली, संपलं.’ खाली तीन जणांचं ‘आम्हीही जागेच’. मग कुणाच्या तरी आईचा फॉरवर्ड केलेला सल्ला: मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढा. आणि पुन्हा तेच, सवय लावू नका.

यातल्या ‘ठेवला, उठला’चा खरोखर प्रयोग झालाय, तोही हृदयाचे ठोके मोजून. जपानमधल्या रिकेन या संशोधन संस्थेत हे प्रयोग केलेल्या कुमी कुरोदा यांचा गट गेली अनेक वर्षं याच गोष्टीच्या मागे आहे. कुरोदा स्वतः चार मुलांची आई आहेत.

त्यांचा पहिला मोठा निबंध २०१३ साली आला. बारा बाळं, वय एक ते सहा महिने. आईनं बाळाला कधी पाळण्यात ठेवायचं, कधी बसून कुशीत धरायचं, कधी कुशीत घेऊन चालायचं. बसून धरलेल्या बाळापेक्षा चालताना धरलेलं बाळ कितीतरी लवकर शांत झालं. हे कुठल्याही आजीला ठाऊक आहे, त्यासाठी प्रयोगशाळा कशाला, असं कुणी म्हणेल. पण आजीला न दिसणारी गोष्ट छातीला लावलेल्या इलेक्ट्रोडनी पकडली. आई उभी राहून चालू लागल्यावर काही क्षणांतच बाळाच्या हृदयाची गती उतरू लागते. बाळ नुसतं गप्प होत नाही, त्याचं शरीर आतूनच दुसऱ्या अवस्थेत जातं.

आता हे होतं कसं? मला या गोष्टीतलं सर्वांत आवडणारं प्रकरण हेच, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल.

आपल्या अंतर्कर्णात ऐकण्याच्या शंखाकृती भागाला लागूनच तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. तीन अर्धवर्तुळाकार नलिका, एकमेकींना साधारण काटकोनात. त्यात द्रव. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि आतल्या केसांसारख्या पेशी वाकतात. त्यावरून मेंदूला कळतं, डोकं कुठे वळलं. शिवाय दोन छोट्या पिशव्या, त्यात चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे. सरळ रेषेतला धक्का आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा हे खडे सांगतात. पाऊल टाकलं की खडे किंचित सरकतात, पुन्हा पाऊल, पुन्हा सरकतात. ही सगळी मांडणी गर्भातच तयार होते. बाळाची नजर जन्मानंतर कित्येक महिने धूसर असते, पण आपण हलतोय की थांबलोय हे त्याला पहिल्या दिवसापासून कळतं.

दुसरा धागा स्नायू आणि सांध्यांतून येतो. कुठला अवयव कसा दुमडलाय, कुठे ताण आहे, हे सांगणारे संवेदक तिथे असतात. तिसरा धागा त्वचेचा, म्हणजे स्पर्शाचा. हे तिन्ही धागे मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात आणि लहान मेंदूत, जवळजवळ येतात. आणि इथूनच निघते व्हेगस नावाची लांबलचक नस, जी हृदयापर्यंत जाते. हृदयात ठोके ठरवणारा जो पेशींचा पुंजका आहे, त्यावर या नसेची टोकं अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात. त्यानं पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, पेशीतला धनभार बाहेर पडतो आणि पुढचा ठोका उशिरा पडतो. हे इतकं झटपट होतं की एका-दोन ठोक्यांत फरक दिसतो. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या सिंपथेटिक यंत्रणेला काही सेकंद लागतात. म्हणून ठोक्यांमधलं अंतर मोजलं की बाळ शांत दिसायच्या आधीच त्याच्या आत काय चाललंय, ते कळतं. (वाहिन्यांचं सगळं लक्षात राहिलं नाही तरी बिघडत नाही. पाऊल पडलं, खडे सरकले, ठोका लांबला, एवढं पुरे.)

हे धागे एकेक करून तोडून बघायचे, तर ते माणसाच्या बाळावर करता येत नाही. म्हणून उंदीर. मांजर पिल्लाला मानगुटीला धरून उचलते तेव्हा पिल्लू पाय आखडून गप्प लोंबकळतं, हे आपण पाहिलेलं असतं. उंदराची पिल्लंही तेच करतात, त्यांचीही हृदयगती उतरते, आणि माणसाला ऐकू न येणारं त्यांचं किंचाळणंही थांबतं. कुरोदांच्या गटानं पिल्लांच्या मानेची कातडी बधिर केली. काही पिल्लांना ब-६ जीवनसत्त्वाचा इतका मोठा डोस दिला की स्नायूंकडून येणारी जाणीवच बोथट झाली. दोन्ही वेळा शांत होण्याची प्रतिक्रिया बिघडली. शरीर आखडून घेण्यात लहान मेंदूचा हात आणि हृदय मंदावण्यात पॅरासिंपथेटिक, म्हणजे व्हेगस नसेच्या, यंत्रणेचा, असंही दिसलं. आणि वळवळणाऱ्या पिल्लाला उचलून न्यायला आईला जास्त वेळ लागला. इथे सगळा उलगडा होतो. साप आला, पाणी शिरलं, तर आईला पिल्लू उचलून पळायचंय. त्या वेळी जे गप्प राहील ते वाचेल. कडेवर शांत होणं हे बाळाकडून आईला मिळणारं सहकार्य आहे, आणि ते उत्क्रांतीनं पक्कं करून ठेवलंय.

मग ठेवल्यावर उठतं का? याचं उत्तर २०२२ च्या निबंधात आहे. या वेळी एकवीस बाळं, जन्मल्यापासून सात महिन्यांपर्यंतची. रडणाऱ्या बाळाला घेऊन आई पाच मिनिटं सलग चालली, तर सगळीच बाळं रडायची थांबली आणि जवळपास निम्मी झोपली. हलत्या पाळण्यानंही बऱ्यापैकी तसाच परिणाम साधला. नुसतं मांडीवर घेऊन बसल्यानं मात्र तितकं जमलं नाही. मग झोपलेली बाळं खाली ठेवली. एक तृतीयांशाहून जास्त बाळं वीसेक सेकंदांत जागी झाली.

कुरोदांनाही आधी वाटलं होतं की ठेवण्याच्या पद्धतीत काहीतरी गोम असणार. हळुवार ठेवलं का, कसं ठेवलं. ठोक्यांच्या आलेखानं वेगळंच सांगितलं. हृदयगती गादीला टेकल्यावर वाढत नव्हती. आईच्या अंगापासून सुटायला सुरुवात होते त्याच क्षणी ती वाढत होती. गादी गार आहे, चादर खरखरीत आहे, हे सगळं नंतरचं. आई चालता चालता वळली तरी ठोक्यांत फरक दिसायचा, इतकं हे यंत्र बारीक.

मग कुठली बाळं झोपून राहिली? जी ठेवण्याआधी जास्त वेळ झोपलेली होती ती. त्यातून निघालेला सल्ला असा: पाच मिनिटं चाला, सलग, न थांबता. बाळ झोपलं की लगेच ठेवू नका. पाच ते आठ मिनिटं घेऊन बसा, मग ठेवा. तान्ह्या बाळाची झोप वरवरच्या, चाळवत्या झोपेनं सुरू होते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात. त्या वेळी ठेवलं तर खेळ खलास.

‘आधी कुल्ले, मग डोकं’ हा सल्लाही अगदी फोल नाही, पण त्याचं कारण निराळं. डोकं अचानक मागे गेलं की बाळ दोन्ही हात फाकवून दचकतं. याला मोरो प्रतिक्षेप म्हणतात. अर्न्स्ट मोरो या जर्मनीत काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञानं १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलं. डोकं हातावर पेलून शेवटी टेकवलं तर ते दचकणं टळतं, अंग सुटण्याची जाणीव टळत नाही.

एकवीस बाळं हा आकडा लहान आहे, हे मान्य. घोकण्याचा मंत्र म्हणून यातलं काही घेऊ नये. आणि ज्याला कॉलिक म्हणतात तसं तासन्‌तास रडणाऱ्या बाळांना जास्त वेळ कडेवर घेऊनही फारसा फरक पडत नाही, असंही अभ्यासांत दिसलंय. बॉस्टनकडच्या बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ऐंशी बाळांच्या रडण्याच्या नोंदी मांडल्या. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला साधारण पावणेदोन तास, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास, मग उतार. हा चढउतार पुढे इतर समाजांतही दिसला. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या कुंग सान लोकांची बाळं जवळजवळ सतत अंगावर असतात. त्यांचंही रडणं याच सुमारास वाढतं, फक्त एकेका वेळचं रडणं छोटं असतं.

दृष्टीचं रहस्यही इथेच आहे. बाळ संध्याकाळी रडतं, तासभर रडतं, घरचे हवालदिल होतात, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात, आणि बाळ थांबतं. ते थांबणारच होतं. शिवाय ओवाळताना बाळ कुणाच्या तरी मांडीवर असतं, ते वेगळंच! मीठ-मोहऱ्यांनी निदान अपाय तरी होत नाही. तडतडणाऱ्या मोहऱ्यांचा आणि धुरीचा धूर बाळाच्या नाकात जाऊ दिला, किंवा गुटीबरोबर मध चाटवला, तर होतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणूबीज असू शकतात. दुसऱ्या टोकाला, रडण्याचा अर्थ सांगण्याचा दावा करणारी मोबाइल ॲप आहेत. दृष्ट काढणाऱ्या आजी त्यापेक्षा स्वस्तात काम करतात.

आता ‘सवय’. ससा बघा. मादी पिल्लांना बिळात ठेवून जाते आणि दिवसातून साधारण एकदाच, तीही काही मिनिटं, येऊन पाजते. तिचं दूध घट्ट, स्निग्ध. पिल्लं मधल्या वेळात आवाज करत नाहीत, कारण आवाज केला तर कोल्हा येईल. माणसाचं दूध पातळ, स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास. ते वरचेवर पाजायचं दूध आहे, जवळ बाळगायच्या पिल्लाचं. असं पिल्लू एकटं पडल्यावर ओरडतं, यात बिघाड काहीच नाही.

पण मग जवळ बाळगायचं कुणी? इथे मला त्या ग्रुपमधल्या आयांची बाजू घ्यावीशी वाटते. माणसाच्या इतिहासात हे काम एकट्या आईचं क्वचितच होतं. काँगोच्या जंगलातल्या बायाका या शिकारी समाजात केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एका बाळाला सांभाळणारी माणसं दहाहून जास्त निघाली. मावश्या, बहिणी, शेजारची पोरं. बाळ रडलं की बहुतेक वेळा पंचवीस सेकंदांच्या आत कुणीतरी हजर. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, त्यामागे भावना काहीही असो, फायदा हातांच्या संख्येचा आहे.

हात नसले की काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. मुंबईच्या कापडगिरण्यांत दिवसभर राबणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची ‘बाळगोळी’ देऊन घरी झोपवून जात. १९२० च्या दशकातल्या पाहण्यांत याच्या नोंदी आहेत. आजही बीडकडच्या ऊसतोड जोडप्यांची तान्ही बाळं फडाच्या कडेला बाभळीला बांधलेल्या साडीच्या झोळीत असतात. थोरली पोर दोरी ओढते. लंबकाच्या सूत्रानं मीटरभर लांबीच्या झोळीचा एक झोका दोन सेकंदांचा येतो, म्हणजे बाळाला सावकाश चालीसारखी लय मिळते. उत्तम उपाय, पण लक्ष ठेवून. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडू शकतो. रात्रभरच्या झोपेसाठी सपाट, टणक गादी, उताणं झोपवणं, उशी नाही, हेच खरं. बाळाला घेऊन सोफ्यावर डुलक्या काढणं सर्वांत वाईट.

म्हणून पहाटे तीनला ‘आम्हीही जागेच’ लिहिणारे मला महत्त्वाचे वाटतात. ते बाळ उचलू शकत नाहीत, पण डोकं भणभणलेल्या माणसाला थांबवू शकतात. रडणाऱ्या बाळाला रागाच्या भरात गदागदा हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होऊन बाळं दगावतात. राग अनावर होण्याची वेळ आलीच तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवून पाच मिनिटं बाहेर जाणं योग्य, रडलं तरी चालेल. ही परवानगी कुणीतरी द्यावी लागते, आणि ती त्याच रात्रपाळीतल्या माणसानं दिली की पटते. (ताप असेल, दूध घेत नसेल, रडणं नेहमीपेक्षा वेगळं वाटत असेल, तर ग्रुपवर विचारत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.)

उरला बाप. चालणं, धरणं, आठ मिनिटं थांबून ठेवणं, यांतलं काहीच दुधावर अवलंबून नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती घेता येते. बाळंतीण माहेरी असेल, घरात चार माणसं असतील, तर ती रजा बारशाच्या गडबडीत संपवू नका. पाचव्या आठवड्यात घ्या.